बूच

तारामुंबरीच्या मच्छीमार सोसायटीत
एकच कॉम्प्युटर, खिडकीकडे पाठ करून बसलेला.
खाऱ्या वाऱ्याने त्याचे मागचे स्क्रू गंजतात
म्हणून मी त्यांना खोबरेल लावते.
बत्तीस होड्यांचं डिझेल त्याच्या पोटात आहे:
कोणाला किती लिटर, कोणाची सबसिडी अडकली,
कोणाच्या इंजिनाचा नंबर खोडून पुन्हा लिहिला,
सगळं.

चार वर्षं मी एकाच नावाने आत जायचे.
अ‍ॅडमिन.
पत्र टाइप करायला अ‍ॅडमिन, सुरमईचा भाव बघायला अ‍ॅडमिन,
भाचीच्या बारशाचे फोटो बघायलाही
अ‍ॅडमिनच.
सोयीचं होतं. मशीन काही विचारायचं नाही.

मग बंदीचे दिवस, होड्या झापांनी शाकारून वर ओढलेल्या.
मी चहा सांगायला गेले, पडदा तसाच उघडा,
आणि कोयंड्यांच्या दर्पणने पेनड्राइव्ह लावला.
कसला तरी फुकटचा खेळ. पोराचं वय चौदा.
तो माझ्या नावाने आत होता,
माझ्याच हाताने, म्हणायचं तर.
दुसऱ्या दिवशी बत्तीस होड्यांच्या जागी
नुसती अक्षरं, कुठल्याच भाषेत नसलेली.

अकरा रात्री कार्बनच्या पावत्यांवरून टाइप केलं.
पावत्यांना बांगड्याचा वास. काही आकडे ओल लागून पसरलेले,
तिथे तांडेलांना फोन करून विचारलं
आणि त्यांनी सांगितलं ते मानलं.
दोघांनी जास्त सांगितलं. कोण ते मला माहीत आहे.

कणकवलीहून इकबाल मुजावर आला,
मशीन धुऊनपुसून त्याला दोन दारं करून गेला.
एक रोजचं, साधं, माझ्या नावाचं.
दुसरं कामापुरतं.
"ताई, त्यातून जायचं, काम करायचं, बाहेर यायचं.
तिथे बसून चहा प्यायचा नाही."

रात्री बाबांना सांगितलं. बाबा तांडेल होते, आता गुडघे गेलेत.
पेज ओरपता ओरपता म्हणाले, "म्हणजे होडयेचां बूच."
होडीच्या बुडाला भोक असतं हे मला माहीत होतं,
वाळूवर ओढली की बूच काढून साचलेलं पाणी सोडतात.
"पाण्यात आसताना तेका हात लावूचो नाय.
आणि काढलां, तर परत बसवलां काय नाय
तां दुसऱ्यान बघूचां."

आता मशीन मध्येच थांबतं. पडदा काळवंडतो
आणि विचारतं: बदल करू द्यायचे का?
होय. नाही.
पहिले आठ दिवस चीड यायची.
आता माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवते
आणि आठवून बघते, हे मी मागितलं होतं का.
बऱ्याचदा नसतं मागितलेलं.

काल चेअरमन आले, छत्री निथळत ठेवून.
"गो, तो मोठो पासवर्ड माका दी. मी चेरमन आसंय."
म्हटलं, तुम्हाला बघायचं ते सगळं
रोजच्या दारातूनही दिसतं.
"आणि तुका बरो गावता?"
म्हटलं, मी तर मलासुद्धा रोज देत नाही.
ते हसले नाहीत. छत्री विसरून गेले.

पासवर्ड एका पाकिटात आहे, लाखेने बंद,
जोडावर माझी सही आणि बाबल तारींची.
तिजोरीत, विम्याच्या कागदांखाली.
उद्या मी नसले
तर डिझेल अडून राहायला नको.

बाबा संध्याकाळी किनाऱ्यावर जातात, गुडघा धरत.
तिथली एकही होडी आता त्यांची नाही.
तरी वाकतात, एकेकीच्या बुडाला बोट लावून बघतात.
परवा एका होडीचं बूच सैल निघालं.
कोणाची, ते त्यांनी मला सांगितलं नाही.
स्वतः बसवलंही नाही.
अंधारात तसेच चालत गेले
मालकाच्या घरी.